अ‍ॅडव्हेंचर गाडीच्या मागच्या चाकाचं बेअरिंग: ओळखणं, बदलणं, टिकवणं

मागच्या चाकाचं बेअरिंग नुसतं जुनं झालं म्हणून क्वचितच जातं. त्याला संपवतं ते आत शिरलेलं पाणी, नाहीतर बसवताना चुकीच्या जागी पडलेला हातोडा. या दोन गोष्टी सांभाळल्या तर हिमालयन, एक्सपल्स, ३९० अ‍ॅडव्हेंचर किंवा व्ही-स्ट्रॉम अशा कुठल्याही गाडीचं बेअरिंग बिनबोभाट हजारो किलोमीटर चालतं. नाही सांभाळल्या तर नवं कोरं बेअरिंगसुद्धा एका पावसाळ्यात घरघरायला लागतं. मग दोष कंपनीला दिला जातो आणि खरं कारण तसंच राहतं.

हा लेख पहिल्यांदाच चाक उघडणाऱ्यांसाठी आहे. काम अवघड नाही. पण क्रम चुकला की सगळं वाया जातं, म्हणून काय करायचं याच्या जोडीला ते का करायचं हेही सांगितलं आहे.

चाकाच्या आत काय असतं

बहुतेक अ‍ॅडव्हेंचर गाड्यांच्या मागच्या चाकात तीन बेअरिंग असतात. दोन हबमध्ये, म्हणजे चाकाच्या मधल्या भागात: एक डिस्कच्या बाजूला, एक चेनच्या बाजूला. तिसरं स्प्रॉकेट कॅरियरमध्ये, म्हणजे ज्या तबकडीवर चेनचं मोठं स्प्रॉकेट बसतं तिच्यात. कॅरियर आणि हब यांच्यामध्ये रबराचे ठोकळे असतात. ते चेनचे झटके गिळतात. काही गाड्यांत चेनच्या बाजूला जास्तीचं बेअरिंगही सापडतं, त्यामुळे उघडण्याआधी आपल्या गाडीचं पार्ट्स कॅटलॉग बघून घ्या.

हबमधल्या दोन बेअरिंगच्या मध्ये एक पोलादी नळी असते. मिस्त्री तिला स्पेसर किंवा डिस्टन्स पीस म्हणतात. सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. अ‍ॅक्सलचं नट आवळल्यावर चिमट्याची (स्विंगआर्मची, म्हणजे मागचं चाक दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या भागाची) एक बाजू, बाहेरचा बुश (दांड्यावरची छोटी नळी), बेअरिंगची आतली रेस (छर्रे जिच्यावर फिरतात ती कडी), मधली नळी, दुसऱ्या बेअरिंगची आतली रेस, कॅरियरचा बुश, कॅरियरच्या बेअरिंगची आतली रेस, पुन्हा बाहेरचा बुश आणि चिमट्याची दुसरी बाजू असा एक सलग पोलादी खांब तयार होतो. नटाचा सगळा दाब हा खांब घेतो आणि छर्रे मोकळे फिरतात. नळी झिजून आखूड झाली, बसवायची राहिली किंवा बेअरिंग तिला टेकलंच नाही, तर तोच दाब आतल्या रेस एकमेकींकडे ओढतो आणि छर्रे बाजूने चेपले जातात. असं बेअरिंग पहिल्या दिवसापासून तापतं.

तिघांत सर्वांत जास्त हाल कॅरियरच्या बेअरिंगचे होतात. पहिल्या गिअरमध्ये जोर लावताना चेनचा ओढा शेकडो किलोंचा असतो, आणि तो सगळ्यात आधी याच्यावर येतो. शिवाय चेनवरून उडणारा चिखल याच्या सीललगत (पाणी-धूळ अडवणाऱ्या रबरी कड्यालगत) साचतो. हबची दोन्ही बेअरिंग बदलून कॅरियरचं जुनंच ठेवणारे काही महिन्यांत पुन्हा चाक उघडतात.

नागपूरच्या रस्त्यांवर त्याचं काय होतं

उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास असताना वर्धा रोडने तासभर गाडी पळवून आलात की हब चांगलाच तापलेला असतो. आतली हवा फुगलेली असते. अशा वेळी थेट वॉशिंग सेंटरवर गार पाण्याचा फवारा पडला, किंवा गाडी नाल्यात उतरली, की हब झटकन गार होतो. आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेवरून पाणी आत ओढलं जातं. पाण्यात उतरण्याआधी पाच-दहा मिनिटं गाडी उभी करणं हा बेअरिंगसाठी सर्वांत स्वस्त उपाय आहे. रपट्यावरून वाहतं पाणी जात असेल तर मात्र बेअरिंगचा विचार नंतर. आधी उतरूच नका.

आत गेलेलं पाणी चालत्या गाडीत फारसं बोलत नाही. नुकसान होतं ते गाडी उभी असताना. ग्रीसमध्ये मिसळलेलं पाणी छर्रे जिथे टेकलेले असतात तिथे थांबतं, रेसवर गंजाचे बारीक चट्टे उमटतात, आणि पुढच्या वेळी छर्रे त्या चट्ट्यांवरून आपटत फिरतात. पेंच किंवा सेमाडोहकडून भिजून आलेली गाडी तीन आठवडे पार्किंगमध्ये तशीच ठेवणं म्हणूनच वाईट. निदान दुसऱ्या दिवशी दहा-पंधरा किलोमीटर चालवून हब कोमट होऊ द्या.

काळ्या मातीचा त्रास वेगळा आहे. ओली असताना ती कॅरियर आणि चिमट्याच्या फटीत घट्ट बसते, आणि वाळली की टणक होऊन फिरत्या बुशला घासते. त्यात कोराडी-खापरखेड्याकडची राख किंवा उमरेड, चंद्रपूर पट्ट्यातली कोळशाची धूळ मिसळली की सीलची रबरी कड आणि बुश दोन्ही घासली जातात. बुशवर नखाला लागेल अशी खाच पडली की नवं सील लावूनही पाणी थांबत नाही, कारण सीलची कड त्या खाचेत टेकतच नाही. म्हणून माती ओली असतानाच साध्या नळीच्या पाण्याने आणि ब्रशने काढा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शहरातल्या प्रत्येक वॉशिंग सेंटरवर रांग असते, आणि गाडी चकचकीत करायच्या भरात प्रेशर गन सरळ अ‍ॅक्सलवर धरली जाते. धुणाऱ्याला आधीच सांगा: गन अ‍ॅक्सलवर, स्प्रॉकेटच्या मध्यावर आणि चिमट्याच्या सांध्यावर धरायची नाही, बाकी ठिकाणीही हातभर लांबून. तो ऐकत नसेल तर चाकाचा भाग स्वतः धुवा.

बिघाड कसा पकडायचा

गाडी डबल स्टँडवर घ्या. जुन्या हिमालयनला तो असतो. एक्सपल्स किंवा ३९० अ‍ॅडव्हेंचरला पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा सुटा स्टँड) लागेल. चाक जमिनीपासून सुटलं पाहिजे आणि गिअर न्यूट्रलमध्ये हवा.

चाक वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. मग ३ आणि ९ च्या जागी धरून तसंच करा. जरासा जरी ‘टक’ हाताला लागला तर बेअरिंग संशयित. पण तोच टक चिमट्याच्या सांध्यातूनही येऊ शकतो. म्हणून दुसऱ्या माणसाला एक बोट चिमटा आणि हब यांच्या फटीवर ठेवायला सांगा. चाकाबरोबर चिमटाही हलत असेल तर दोष सांध्यात; चिमटा स्थिर आणि चाक हलतंय, तर दोष बेअरिंगमध्ये. मग स्प्रॉकेट दोन्ही हातांनी धरून बाजूला हलवा, म्हणजे कॅरियरचं बेअरिंग कळेल. स्प्रॉकेट पुढे-मागे थोडं हलणं हे रबरांमुळे असतं. त्याची बेअरिंगशी गल्लत करू नका.

यानंतर चाक हाताने हळू फिरवा आणि दुसरा तळवा चिमट्यावर टेकवून ठेवा. खराब बेअरिंगची बारीक खरखर धातूतून हाताला जाणवते, कानाला ऐकू येण्याच्या बरीच आधी. चेनचा आवाज आड येत असेल तर चेन काढून पुन्हा करा.

चालवताना दिसणारी लक्षणं अशी: ४०-५० च्या वेगाला सुरू होऊन वेगाबरोबर वाढणारी घरघर, वळणावर मागचा भाग पोहल्यासारखा वाटणं, आणि मागचा ब्रेक पहिल्या दाबाला खोल जाणं पण दुसऱ्या दाबाला ठीक लागणं. हे शेवटचं लक्षण नवख्यांना हमखास चकवतं. चाक डुलतं, डिस्क पॅडना मागे ढकलते, आणि पहिला दाब पॅड परत जागेवर आणण्यातच जातो. मिस्त्री ब्रेक ऑइल बदलून देतो, दोष तसाच राहतो. एबीएसचा दिवाही यामुळे लागू शकतो, कारण सेन्सर आणि दातेरी रिंग यांच्यातलं अंतर बदलत राहतं. सीलच्या कडेने तांबूस ओघळ दिसला तर आणखी कसलीच खात्री करायची गरज नाही.

चाकाला स्पष्ट प्ले (ढिलेपणामुळे होणारी हालचाल) आला असेल तर गाडी चालवू नका. पुढच्या टप्प्यात छर्रे धरून ठेवणारी जाळी तुटते, चाक तिरकं होतं, चेन उतरते आणि मागचं चाक चालत्या गाडीत अडकू शकतं.

काय आणायचं

बेअरिंगचा नंबर जुन्या बेअरिंगच्या कडेवर कोरलेला असतो. या वर्गातल्या गाड्यांत साधारण ६२ किंवा ६३ मालिकेची बेअरिंग भेटतात. नंबर वाचता आला नाही तरी व्हर्नियर कॅलिपरने मापं घेऊन ओळखता येतं. नंबरातले शेवटचे दोन अंक आतलं भोक सांगतात: ०२ म्हणजे १५ मिमी, ०३ म्हणजे १७ मिमी, आणि ०४ पासून पुढे अंकाला पाचने गुणायचं, म्हणजे ०४ ला २० मिमी. उदाहरणार्थ, ६२०३ ची मापं १७, ४० आणि १२ मिमी. ६२०४ ची २०, ४७ आणि १४. ६३०३ ची १७, ४७ आणि १४. शेवटची दोन नीट बघा: बाहेरचा व्यास आणि जाडी सारखीच, फक्त भोक वेगळं. काउंटरवर अदलाबदल होते ती अशाच जोड्यांची.

नंबराच्या मागची अक्षरं तितकीच महत्त्वाची. चाकासाठी दोन्ही बाजूंनी रबरी, घासून बसणारं सील असलेलं बेअरिंग घ्या. एसकेएफमध्ये ते २आरएस१ किंवा २आरएसएच, एफएजीमध्ये २आरएसआर, एनएसकेमध्ये डीडीयू आणि एनटीएनमध्ये एलएलयू अशा खुणांनी येतं. झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण. ते धूळ अडवतं, पाणी अडवत नाही. ‘रबर सील घासतं, झेडझेड हलकं फिरतं’ असं दुकानदार सांगेल. ते खरं आहे, पण इथे गैरलागू आहे. १२०/९०-१७ टायरचं चाक ताशी १०० च्या वेगालाही मिनिटाला सुमारे ८०० फेरेच घेतं. एवढ्या फेऱ्यांना रबरी सीलचं घर्षण काहीच नाही. सी३ ही खूण आतल्या जास्तीच्या मोकळीकीची असते. जुन्या बेअरिंगवर ती असेल तर नव्यावरही असू द्या.

नकली मालाचा बाजार मोठा आहे. अधिकृत वितरकाकडूनच घ्या आणि बिल घ्या. एसकेएफच्या डब्याची आणि बेअरिंगची छायाचित्रं त्यांच्या ऑथेंटिकेट अ‍ॅपवरून तपासायला पाठवता येतात. काही शे रुपयांच्या वस्तूसाठी ही खटपट जास्त वाटेल, पण या वस्तूवर दोन माणसं आणि सामान बसणार असतं.

बेअरिंगबरोबर दोन्ही बाजूंची ऑइल सील, कॅरियरचं सील, आणि बुशवर खाच असेल तर बुशही आणा. जोडीला पाण्याला टिकणारं ग्रीस. नेहमीचं लिथियम ईपी २ चालतं. नाल्या-ओढ्यांचे रस्ते जास्त असतील तर कॅल्शियम सल्फोनेट प्रकारचं ग्रीस जास्त टिकतं.

हत्यारांत अ‍ॅक्सलचा पाना, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच नट आवळायचा पाना), सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणारी स्प्रिंगची कडी) काढायचा प्लायर, हीट गन, आतून पकडणारा बेअरिंग पुलर किंवा ३० सेंटिमीटरचा पोलादी दांडा, आणि बेअरिंगच्या बाहेरच्या व्यासापेक्षा अगदी किंचित लहान सॉकेट लागेल.

काढण्याची रीत

१. आदल्या रात्री नवी बेअरिंग प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवा.

२. अ‍ॅक्सलचं नट सोडवण्याआधी चेन अ‍ॅडजस्टरच्या दोन्ही बाजूंच्या खुणांचा फोटो काढा. नट सोडा, अ‍ॅडजस्टर ढिले करा, चाक पुढे ढकलून चेन उतरवा, अ‍ॅक्सल ओढून काढा. एबीएस सेन्सर आधी मोकळा करून बाजूला बांधा. त्याची वायर ताणली जाऊन तुटणं नेहमीचं आहे. डावा आणि उजवा बुश बहुधा वेगवेगळ्या लांबीचे असतात. निघतील तसे कागदावर क्रमाने मांडा आणि ‘डावा’, ‘उजवा’ लिहा.

३. चाक जमिनीवर डिस्कच्या बाजूने कधीच टेकवू नका. रिमखाली दोन लाकडी ओंडके द्या, मधला भाग अधांतरी राहू द्या. कॅरियर वर ओढला की निघतो. रबरं काढून ठेवा. कॅरियर जागेवर असताना फार खेळत होता तर रबरं बदला. ती लगेच मिळत नसतील तर जुन्या ट्यूबच्या पट्ट्या रबरांशेजारी भरून काही दिवस काम भागतं.

४. सील स्क्रूड्रायव्हरने उचकटा. ती परत वापरायची नसतात. खाली सर्क्लिप असेल तर काढा. सर्क्लिप न बघता हातोडा चालवल्याने हबचा काठ फुटल्याची उदाहरणं गॅरेजांत भरपूर दिसतात.

५. आता हीट गनने बेअरिंगभोवतीचा हब तापवा, बेअरिंग नाही. पाण्याचा थेंब टाकला की चुरचुरून उडाला पाहिजे. साधारण १०० अंश पुरे. गॅसची ज्योत वापरू नका. ती एका जागी जास्त तापवते, रंग जाळते आणि अ‍ॅल्युमिनियम नरम करते.

६. पुलर असेल तर तो आतल्या रेसमध्ये फुगवा आणि ओढा. नसेल तर दांडा विरुद्ध बाजूने आत घाला, मधली नळी एका अंगाला सरकवा, आणि खालच्या बेअरिंगच्या आतल्या रेसचा जो थोडासा काठ दिसतो त्यावर दांडा टेकवून ठोका. एक ठोका इकडे, एक समोरच्या बाजूला, असं आलटूनपालटून, म्हणजे बेअरिंग तिरकं होऊन हबला ओरखडे पाडणार नाही. एक बेअरिंग आणि नळी निघाली की दुसरं सोपं जातं.

बेअरिंग फुटून बाहेरची रेस तेवढी हबमध्ये अडकली असेल तर वेल्डरकडे जा. रेसच्या आतल्या अंगाला वेल्डिंगची एक बारीक रेघ मारली की गार होताना रेस आकसते आणि बरेचदा हातानेच निघून येते. हबला ठिणग्या लागणार नाहीत असं ओलं फडकं झाकून घ्या.

बसवण्याआधी

हब रॉकेलने पुसा, आतला गंज आणि जुनं ग्रीस काढा. मधल्या नळीची दोन्ही तोंडं बघा: ती सपाट आणि काटकोनात कापलेली हवीत, दबलेली किंवा फुलासारखी पसरलेली नकोत. तशी असतील तर नळी बदला. ती घासून सरळ केली तर आखूड होते, आणि मग वर सांगितलेला सगळा त्रास सुरू होतो. अ‍ॅक्सल काचेवर लोळवून बघा. डुलला तर वाकलेला आहे.

नवं बेअरिंग हबच्या तोंडावर गार असताना हाताने ठेवून बघा. ते हाताच्या दाबानेच आत सरकलं तर हबचं घर सैल झालं आहे. त्याबद्दल पुढे.

बसवण्याची रीत

१. हब पुन्हा तापवा. ४७ मिमीचं अ‍ॅल्युमिनियमचं भोक ८० अंशांनी तापलं की सुमारे ०.०८ मिमी मोठं होतं, आणि फ्रीझरमधलं बेअरिंग ०.०२ ते ०.०३ मिमी लहान झालेलं असतं. दोघांमधली घट्टी जेमतेम काही शतांश मिलिमीटरची असते, त्यामुळे एवढा फरक पुरतो. नीट तापवलेल्या हबमध्ये बेअरिंग जवळजवळ आपोआप उतरतं. जोरात ठोकावं लागत असेल तर थांबा आणि पुन्हा तापवा.

२. पहिलं बेअरिंग मॅन्युअलने सांगितलेल्या बाजूचं. बहुतेक गाड्यांत ही डिस्कची बाजू असते. फ्रीझरमधून काढून कोरडं पुसा, सरळ धरा, आणि गरज पडली तरच बाहेरच्या रेसवर टेकणाऱ्या सॉकेटने हळू ठोका. ते हबमधल्या पायरीवर पूर्ण टेकलं की ठोक्याचा आवाज बदलतो: पोकळ आवाज जाऊन ठणठणीत येतो. नवख्याने हा आवाज ओळखायला शिकावं.

आतल्या रेसवर एकही ठोका पडू देऊ नका. तो धक्का छऱ्यांमधून बाहेरच्या रेसला जातो आणि प्रत्येक छर्रा रेसवर आपल्या जागेचा खळगा पाडतो. बाहेरून काहीच दिसत नाही. हजारभर किलोमीटरनंतर घरघर सुरू होते आणि बेअरिंग नकली निघालं असं वाटतं.

३. चाक उलटा. मधली नळी आत टाका. हा टप्पा विसरला गेल्याची उदाहरणं कमी नाहीत, म्हणून नळी मुद्दाम हातात धरूनच चाक उलटवा.

४. दुसरं बेअरिंग बसवा. याला पायरीपर्यंत नेटाने ठोकायचं नसतं. त्याची आतली रेस नळीला टेकली की थांबायचं. त्यापुढे ठोकलंत तर नळी आतली रेस अडवते, बाहेरची रेस पुढे जाते आणि छर्रे पुन्हा बाजूने चेपले जातात. म्हणून शेवटी दोन-तीन हलके ठोके मारा आणि प्रत्येक ठोक्यानंतर बोट घालून नळी बघा. नळी लांबीच्या दिशेने खुळखुळत असेल तर अजून थोडं आत. बोटाच्या जोराने जराशा प्रतिकारासह आडवी सरकत असेल तर बरोबर. हलतच नसेल तर जास्त गेलं. नळी मध्यावर आणून अ‍ॅक्सल घालून बघा. तो सहज आरपार गेला पाहिजे.

५. दोन्ही आतल्या रेस बोटाने फिरवा. रबरी सीलमुळे किंचित जड, पण एकसारख्या फिरल्या पाहिजेत. अडकत किंवा टप्प्याटप्प्याने फिरत असतील तर आत्ताच सुधारा.

६. कॅरियरचं बेअरिंग याच रीतीने. त्याच्या आतला बुश आठवणीने परत घाला. तोही त्या पोलादी खांबाचा भाग आहे.

७. बेअरिंग आणि ऑइल सील यांच्यामधली पोकळी ग्रीसने भरा, सीलच्या कडेला ग्रीसचा पातळ थर लावा, मग सील सपाट दाबून बसवा. पाण्याविरुद्ध खरी तटबंदी इथेच असते, बेअरिंगच्या स्वतःच्या सीलमध्ये नाही. नव्या बेअरिंगचं रबरी सील उघडून आत जास्तीचं ग्रीस भरायची पद्धत काही ठिकाणी आहे. नवख्यांनी ते करू नये. सीलची कड उचकटताना एकदा वाकली की ती परत पूर्वीसारखी बसत नाही, आणि मिळालेल्या चमचाभर ग्रीसपेक्षा ते नुकसान मोठं.

८. अ‍ॅक्सलला ग्रीसचा हलका हात द्या, चाक चढवा. डिस्क आणि पॅडना ग्रीसचं बोट लागू देऊ नका. चेन स्प्रॉकेटवर घ्या, चेन आणि स्प्रॉकेटमध्ये घडी घातलेलं फडकं सारून चाक थोडं मागे फिरवा. त्यामुळे अ‍ॅक्सल दोन्ही अ‍ॅडजस्टरवर घट्ट टेकतो. तसंच धरून नट आवळा. टॉर्क मॅन्युअलमध्ये दिलेलाच. मग इंजिन बंद ठेवूनच, चाक उलट दिशेने म्हणजे पुढे फिरवून फडकं काढा.

चेनचा ढिलेपणा मॅन्युअलप्रमाणे ठेवा, त्याहून घट्ट नको. लांब सस्पेन्शनच्या गाडीत पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा सांधा आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात ताणलेली असते. रिकाम्या गाडीवर बरोबर वाटलेली चेन दोन माणसं आणि भरलेले पॅनियर (बाजूच्या पेट्या) घेऊन खड्ड्यात गेल्यावर तारेसारखी ताणली जाते, आणि तो ताण कॅरियरच्या बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टवर जातो.

९. गाडी हलवण्याआधी मागचा ब्रेक चार-पाच वेळा दाबून पॅड जागेवर आणा. हे राहिलं तर पहिल्या चौकात ब्रेक लागत नाही.

पहिले २० किलोमीटर झाल्यावर हबच्या चेनच्या बाजूला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसेल इतका गरम नाही. ५० ते १०० किलोमीटरनंतर नटाचा टॉर्क, चेन आणि चाकाचा प्ले पुन्हा तपासा.

हबचं घर सैल झालं असेल तर

बेअरिंगची बाहेरची रेस हबमध्ये फिरायला लागली की भोक मोठं होतं आणि नवं बेअरिंग आत खेळतं. पंचने भोकाच्या काठावर ठिपके मारून ते घट्ट करायची जुनी युक्ती करू नका. बेअरिंग तीन-चार टोकांवर तिरकं बसतं आणि लवकर मरतं.

फट ०.१ मिमीच्या आत असेल तर लॉकटाइट ६४१ सारखं बेअरिंग बसवायचं द्रव्य चालतं आणि पुढे बेअरिंग काढताही येतं. दोन्ही भाग तेलविरहित पुसलेले हवेत, आणि ते सुकेपर्यंत, म्हणजे चोवीस तास, गाडी हलवायची नाही. हे बसवताना हब तापवू नका.

फट त्याहून मोठी असेल तर स्लीव्ह (भोकाला आतून धातूचं अस्तर) बसवावा लागतो. हिंगणा एमआयडीसीत असं काम करणारी मशीन शॉप आहेत. तिथे जाताना नवं बेअरिंग, मधली नळी आणि चाक, तिन्ही घेऊन जा. भोक मोठं करून स्लीव्ह दाबला जातो आणि मग त्याचं आतलं माप बेअरिंगपेक्षा ०.०१ ते ०.०३ मिमी लहान काढलं जातं. कारागिराला दोन गोष्टी स्पष्ट सांगा: केंद्र दुसऱ्या बाजूच्या चांगल्या भोकावरून धरायचं, आणि पायरीची खोली बदलायची नाही. १७ इंची अलॉय चाक छोट्या लेथवर मावत नाही, त्यासाठी बोरिंग किंवा मिलिंग मशीन विचारा. स्पोक चाक असेल तर आधी हब सोडवून न्यावा लागतो आणि नंतर चाक पुन्हा बांधून सरळ करावं लागतं. हा खर्च धरला तर नवा हब कधीकधी स्वस्त पडतो.

वर्षभराचं वेळापत्रक

मृगाआधी एकदा चाक काढा: सीलच्या कडा बघा, आतल्या रेस बोटाने फिरवा, पोकळीतलं जुनं ग्रीस पुसून नवं भरा. पावसाळा संपल्यावर, दसरा-दिवाळीच्या दरम्यान, पुन्हा तेच. याखेरीज टायर किंवा चेन सेट बदलायला चाक निघेल त्या प्रत्येक वेळी बोट घालून रेस फिरवा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पंक्चरवाल्याकडे अ‍ॅक्सल आवळला गेला असेल तर घरी येऊन टॉर्क रेंचने तपासा, कारण लांब पाइप लावून नट आवळायची सवय सर्रास आहे. बुश जागच्या जागी बसले आहेत ना, हेही तेव्हाच बघा.

रस्त्यात गेलं तर

भामरागड किंवा मेळघाटकडे निघताना तिन्ही बेअरिंग आणि सील एका डबीत बरोबर ठेवा. पुलरऐवजी बेअरिंगच्या भोकात मावेल असा एक अँकर फास्टनर, म्हणजे भिंतीत ठोकतात तो फुगणारा बोल्ट, हार्डवेअरच्या दुकानातून जुनं बेअरिंग सोबत नेऊन निवडून घ्या. तो आतल्या रेसमध्ये घालून आवळला की फुगून घट्ट बसतो, मग विरुद्ध बाजूने दांडा घालून त्यावर ठोकायचं. नवं बेअरिंग आत बसवायला जुन्याची बाहेरची रेस वापरता येते. तिची बाहेरची कड घरीच ग्राइंडरवर थोडी घासून ठेवली तर ती हबमध्ये अडकत नाही. तापवायला चहाच्या टपरीवरचं उकळतं पाणी हबच्या बाहेरून ओता आणि लगेच पुसा.

सुटं बेअरिंग बरोबर नसेल तर गाडीच्या दुकानाऐवजी मोटर वाइंडिंगचं दुकान शोधा. शेतीपंपांच्या मोटरींना ६२०२, ६२०३, ६२०४ ही मापं नेहमी लागतात, त्यामुळे उमरेड, देवरी, परतवाडा अशा गावांत ती मिळण्याची शक्यता चांगली. तिथे बहुधा झेडझेड प्रकार हाती येईल. तो घरी पोचण्यापुरता चालेल. आत पाणी जाणार नाही एवढं बघा आणि परतल्यावर बदला.

काहीच मिळालं नाही आणि प्ले अजून थोडा आहे, तर सगळं सामान आणि मागचा माणूस उतरवा, ताशी २०-३० च्या वर जाऊ नका, दर पाच किलोमीटरला थांबून हबला हात लावा. हब चटका देत असेल किंवा ब्रेक पहिल्या दाबाला लागत नसेल तर तिथेच थांबा आणि छोटा हत्ती बोलवा. गाडी टेम्पोत बांधताना दोऱ्या पुढून हँडलला आणि मागे फुटरेस्टच्या फ्रेमला घ्या, मागच्या चाकाला नको.